दादाला शनीचा चंद्र दिसला तो शनिवार

आमच्या चौकात हायमास्टचा खांब उभा राहिला आणि गावातल्या कोंबड्यांची अक्कल गेली. रात्रंदिवस सारखाच उजेड, आरवायचं कधी तेच कळेना. एक कोंबडा तर आठवडाभर अखंड आरवून मेला आणि त्याचा रस्सा ज्यांनी ज्यांनी ओरपला त्यांचे घसे बसले. हे मी मांडवात माईकवर इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मलाच त्या कोंबड्याचा चेहरा आठवतो. धंदाच माझा तो. नावाला शेती, बाकी पुणतांब्यापासून बेलापूरपर्यंत कुठं लग्न, साखरपुडा, नव्या ट्रॅक्टरची पूजा असली की माईक माझ्या हातात. नवरदेवाच्या मामाकडं दोन म्हशी असल्या तर मी त्याला दुग्धसम्राट करतो. लोकांना माहीत असतं, मला माहीत असतं, आणि जेवून सगळे खूश होऊन घरी जातात.

पण त्या खांबाची खरी गोष्ट दादाची आहे, आणि ती मी आजवर कुठल्या मांडवात काढलेली नाही. कडू कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, ते काय व्हायचं ते होतंच. म्हणून हे तसंच कच्चं वाढतो. मधे एखादी मसाल्याची चिमूट पडली तर तो हाताला लागलेला गुण समजा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाला. गाव त्याला सर म्हणतं. शाळेत पुस्तकातलं बोलायचा, घरी आमच्यासारखंच. माझ्या उलट माणूस. मी शेतात साप पाहिला तर सांगताना त्याला फणा फुटायचा, मग मणी यायचा, मग तो माझ्याशी दोन शब्द बोलायचा. दादा विचारायचा, "किती फुटाचा हुता?" आणि साप परत धामण होऊन बिळात जायचा. भाऊ नव्हे, मोजपट्टी होती ती.

ह्या माणसाला काचबिंदू झाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता आणि हिरवी पट्टी बांधून चार दिवस शिरा खाल्ला असता. काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत येते, कापूस वेचून संपत यावा तशी. नगरच्या डॉक्टरानं सरळ सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली थेंब टाकून आणि ऑपरेशन करून जेवढी टिकेल तेवढी टिकवू. डावा डोळा गेलाच होता. उजव्यात मधोमध एक भोक राहिलं होतं. पपईच्या पानाचा देठ डोळ्याला लावून जग बघावं तेवढंच. ताटातली भाकरी दिसली की कालवण दिसायचं नाही.

अशा वेळी माणूस काय मागतो? कुणी काशी मागतं, कुणी नातवाचं तोंड मागतं. दादानं शनीचा चंद्र मागितला. सगळ्यांत थोरला तो. टायटन.

ह्या चंद्राचं वेड त्याला शाळेत शिकवत असल्यापासून. बुध ग्रहापेक्षा मोठा, आणि अंगावर चांगली जाड हवा पांघरलेला. दुसऱ्या कुठल्या चंद्रावर अशी हवा नाही. शाळेतल्या जुन्या दुर्बिणीतून त्यानं पोरांना शनीचं कडं दाखवलं होतं. त्या कड्यापासून लांब एक ठिपका कधी दिसल्यासारखा वाटायचा. पण दादाला 'वाटणं' चालत नसे. म्हणून रिटायर झाल्यावर त्यानं मोठी दुर्बीण करायला घेतली. करायला म्हणजे हातानं. पत्र्याच्या टिपाडावर दोन जाड काचा एकीवर एक ठेवायच्या, मधे कुरुंदाची पूड आणि पाणी, आणि टिपाडाभोवती फिरत घासत राहायचं. त्यातून वरची काच हळूहळू खोलगट होते आणि तिचा आरसा करतात. दोन हिवाळे तो त्या टिपाडाभोवती फिरला. वहिनी म्हणायची, "एवढ्या परदक्षिना मारुतीला घातल्या असत्या तर त्यो सोताहून उठून आला असता, काय पायजे म्हनून."

नळी म्हणून त्यानं आमच्या विहिरीच्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसीचा जाड तुकडा घेतला. कवेत घ्यावा एवढा, छातीपर्यंत उंच. आतून-बाहेरून काळा रंग दिला, उजेड परतू नये म्हणून. तळाला आरसा, वरचं तोंड आभाळाकडं सताड उघडं, आणि वरच्या बाजूला कडेला डोळा लावायचं भिंग. लाकडी बैठकीवर ती उभी केली की काळी कुळकुळीत, गोल, गप्प. ती कशासारखी दिसते हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आम्हा दोघा भावांच्या मात्र ते डोक्यात आलं नाही.

टायटनची माहिती मी पारावर नेली. "तिथं पाऊस पडतो," मी म्हटलं, "पन गॅसचा. नद्या गॅसच्या, तळी गॅसची. पाटालाबी गॅसच."

"म्हंजे आपला सैपाकाचा?" एक म्हातारा म्हणाला.

"त्याचाच भाऊबंद."

"मंग टाकी भरायला जायाचं काय?"

"बादली घिऊन जायाचं. टाकीची गरज न्हाई. थंडी एवढी की सगळं पातळ झालंय."

"आन सबसिडी?"

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी थाप म्हणून गावात ती गोष्ट गाजली. पाट आणि बादली सोडली तर तिच्यात माझं काही नव्हतं. सगळं दादाचं होतं आणि पुस्तकातलं होतं. पण आमच्या तोंडून निघालं ना. नाणं खरं असलं तरी खिसा आमचा.

दादा हसला. मग त्यानं मला नावाची गोष्ट सांगितली. टायटन म्हणजे ग्रीक लोकांच्या पुराणातले जुने धिप्पाड देव. शनीलाही ते लोक त्यांच्यातलाच एक मानायचे, स्वतःची पोरं गिळणारा. पुढं नवे देव आले, त्यांनी जुन्यांना हरवून पाताळात कोंडलं.

"म्हंजे सोसायटीच्या इलेक्शनसारखं," मी म्हटलं. "जुनं प्यानल पडलं."

"तसंच. फकस्त पडलेल्या प्यानलच्या नावानं आभाळात चंद्र हाय."

दुर्बीण तयार झाली आणि अडचण पुढं उभी राहिली, ती म्हणजे तो खांब. दादाच्या घराला तो एवढा लागून की गच्चीवर वहिनी रात्री तांदळातले खडे वेचायची. आभाळ म्हणजे नुसतं धुवट पाणी. निरोगी डोळ्याला शनी दिसला असता, पण दादाला त्या देठाएवढ्या भोकातून एक मंद ठिपका हुडकायचा होता. अंधार पाहिजेच होता. मळ्यात जावं तर दिवस मावळल्यावर मळ्यात जायचं नाव कुणी काढत नाही. पुरुषभर उंचीचा ऊस चहूकडं आणि उसात बिबट्या. माझ्या सांगण्यात त्यांची संख्या गावच्या मतदारांएवढी असते, पण एक जरी असला तरी पुरतो.

तेव्हा आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. मागणं एवढंच की अर्धा तास तो दिवा बंद ठेवा.

सरपंच तरणा. छातीवर गॉगल, मनगटावर दोरेच दोरे. उठून दादाच्या पाया पडला. "सर, मी तुमचा विद्यार्थी."

"नववीत विज्ञानात नापास हुतास," दादा म्हणाला.

"तरीबी, सर." तो खुर्चीत बसला. "पन लाईट बंद करायचा म्हंजे बिबट्याला आवतान की."

"अर्ध्या तासात बिबट्या काय बंगला बांधनार हाय का?" मी म्हटलं.

"तुमी गप बसा हो, काका. सर, बघायचं काय हाय तुमाला नक्की?"

दादानं त्याला नीट समजावलं. डोळ्याचं सांगितलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नजर राहील याची खात्री नाही, आणि दिवाळीनंतरचं आभाळ स्वच्छ, शनी संध्याकाळीच वर असतो, म्हणून आत्ताच. टायटन शनीभोवती फिरतो, तर कुठल्या बुधवारी तो शनीपासून सगळ्यांत लांब असेल हेही त्यानं काढून ठेवलं होतं. हे सगळं सरपंचाच्या एका कानातून गेलं. दुसऱ्या कानात मात्र एक शब्द अडकला.

"शनी?" तो म्हणाला. "शनी महाराज दिसत्यात ह्यातनं?"

"ग्रह दिसतो," दादा म्हणाला.

"त्येच की. सर, मंग अर्धा तास कशाला, दोन तास बंद ठिवू. कार्यक्रमच घिऊ. पन बुधवारी न्हाई. शनिवारी."

"शनिवारी तो जवळ आलेला असंल. दिसायला अवघड."

"सर, शनीचं काम बुधवारी केलं तर लोक मला जोड्यानं हानतील."

इलेक्शन महिन्यावर आलं होतं. दादानं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे मी जिथं असेन असं त्याला वाटलं तिथं पाहिलं. आणि म्हणाला, "चालंल. जवळ असला तरी दिसंल."

ही त्याची भूक. आयुष्यभर फुटाला इंच न सोडणारा माणूस तीन दिवस सोडून मोकळा झाला.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. एवढा मोठा की त्याच्या सावलीत अर्ध्या चौकाला गारवा आला. 'भव्य शनिदर्शन सोहळा'. वर सरपंच हात जोडून, त्याच्या भोवती इच्छुक उमेदवार गोलाकार, जणू तेच कडं. कोपऱ्यात दादा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. टायटनचा उल्लेख कुठंच नाही. मी सरपंचाला म्हटलं, "आरं, ज्याच्यासाठी चाललंय त्याचं नाव तरी टाक." तर म्हणाला, "काका, त्यो शनीच्या घरातलाच हाय ना? मंग आलं त्याच्यात."

आता वहिनीचं सांगायला पाहिजे. वहिनी देवभोळी, पण दादाच्या घरात नांदायचं म्हणून मुकाट्यानं देवभोळी. शनिवारी तेलाचा डबा घेऊन दारी येणाऱ्या माणसाला ती मागच्या दारानं तेल घालायची. दादाचा डावा डोळा गेला तेव्हा तिच्या बहिणीनं राहात्याहून येऊन तिच्या मनात भरवलं, की दाजी जन्मभर पोरांना सांगत आले, शनी म्हंजे नुसता वायूचा गोळा. आता तो सोडतो व्हय? डोळ्यावरच बसला बघ. हे वहिनीनं दादाला कधीच सांगितलं नाही. मलाही नंतर कळलं. तिला दादाच्या चंद्राशी देणंघेणं नव्हतं. तिला एकच पाहिजे होतं, की त्याचा एवढा एक डोळा राहावा. दोघांचं मागणं एकाच डोळ्याचं होतं, आणि एका घरात राहून दोघांनी ते एकमेकांना विचारलं नाही.

शनिवारी दिवस मावळायला गाव लोटलं. शेजारच्या वस्त्यांवरनं ट्रॉल्या भरून लोक आले. मी लाखभर म्हणतो. तुम्ही मनानं शून्यं काढा. ग्रामपंचायतीपुढच्या ओट्यावर दुर्बीण उभी केली होती. उंच ओटा, वर छप्पर नाही, मधोमध काळी, गोल, उभी. शनिवार. आमच्या मुलखात लोकांना आणखी काय सांगावं लागतं?

दादानं उजेड होता तोवर बैठक नीट केली आणि शनी दिसू लागताच नळी त्याच्यावर धरली. डोळा लावायला पायाशी एक पाट ठेवला. "आता दिवा घालवा," तो म्हणाला. सरपंच म्हणाला, "सर, आधी सत्कार."

दादाला चौकाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या स्टेजवर नेलं. शाल आली, नारळ आला, मग फेटा. फेटा बांधणारा खास राहात्याहून आणलेला, आणि त्याचा हात असा की एका फेट्यात एक मूल बालवाडीतून दहावीला जावं. सरपंचानं तेवढ्यात ओट्यावर जाऊन फोटो काढून घेतला. डोळा त्यानं भिंगाऐवजी एका बोल्टाला लावला होता. लावला आणि म्हणाला, "साक्षात!"

मग त्यानं हात केला आणि हायमास्ट विझला.

मी खोटं सांगत नाही, गाव एका दमात गप्प झालं. तरण्या पोरांनी आपल्या चौकावर चांदण्या पहिल्यांदाच पाहिल्या असतील. मी माईकवर होतो. दादाबद्दल चार खरी वाक्यं बोलायची म्हणून घरून जुळवून आणली होती. तोंड उघडणार तेवढ्यात ओट्याकडून जयजयकार उठला.

मोबाइलच्या उजेडात मला दिसलं ते असं. पहिल्यांदा कुणीतरी बैठकीच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. मग नळीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडली. मग दुसरी. मग वरनं मूठभर हळद उधळली गेली, पायाशी नारळ फुटला. मी माईकवर ओरडलो, "आरं, हात लावू नका! दुर्बीण हाय ती!"

लोक हसले.

"तेल घालू नका! आत आरसा हाय, आरसा!"

आणखी जोरात हसले. जन्मभर ज्या माईकवरून हसवलं त्याच माईकवरून मी आता पुढचा विनोद करतोय असं त्यांना वाटलं. कुणीतरी तर "वन्स मोअर" म्हणून ओरडलं. मी माईक टाकला आणि गर्दीत घुसलो, पण ती गर्दी म्हणजे तोडणीला आलेला दाट ऊस. पाऊल टाकावं तर पुढं दुसरा उभा.

ओट्यापाशी पोचलो तेव्हा दादानं स्वतःसाठी ठेवलेल्या त्या पाटावर वहिनी उभी होती. हातात तिळाच्या तेलाची बाटली, सबंध. तिनं ती उघड्या तोंडात उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळे मिटलेले. "एवढी एक नजर राहू दे रे बाबा," ती म्हणत होती, "बाकी काय मागत न्हाई."

मी तिचा हात धरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. धरून करायचं काय होतं? आतून तेल गळताना आवाज येत होता, लहान मूल दूध पिताना येतो तसा.

तेवढ्यात दादा आला. डोक्यावर तो फेटा, एका पोराच्या खांद्यावर हात. लोकांनी वाट दिली. पायानं पाट चाचपला, वर चढला, भिंगाला हात लावला. हात तेलकट झाला. त्यानं बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मग डोळा लावला.

किती वेळ उभा होता ते मला माहीत नाही. मी पोचलो होतो, त्याच्या मागं उभा होतो, तोंडातून शब्द निघत नव्हता. ही गोष्टसुद्धा गावात कुणाला खरी वाटणार नाही. आत काय दिसत असणार ते मला ठाऊक होतं. हळद, तेल आणि रुईच्या पानाचा तुकडा. पिवळा चिखल.

वहिनी खाली उभी होती, रिकामी बाटली पदराखाली धरून. तिनं विचारलं, "अहो, दिसला का?"

सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

"दिसला," दादा म्हणाला.

"नीट दिसला?"

"नीट दिसला. लई नीट."

असा जयकार झाला की उसातला बिबट्या थेट गोदावरीपलीकडं गेला असेल. वहिनी रडायला लागली. तिला वाटलं, तेल पावलं. सरपंच मोबाइल घेऊन धावत आला. "सर, पुन्यांदा एकदा म्हना, इकडं बघून." आणि दादानं, ज्याला तो मोबाइल कुठं आहे तेसुद्धा दिसत नव्हतं, पुन्हा म्हटलं, "दिसला."

खोटं हा माझा व्यवसाय आहे. माणूस खोटं बोलताना पहिल्या अक्षराला आवाज जरा वर उचलतो, मान्य व्हावं म्हणून. दादाचा खाली गेला. मला तेवढं पुरलं.

घरी जाताना त्यानं माझं कोपर धरलं. हायमास्ट पुन्हा पेटला होता. वहिनी पुढं बायकांच्या घोळक्यात, मागं वळून वळून आम्हाला बघत.

"तिला सांगू नको," दादा म्हणाला.

"अन गावाला सांगू? सरपंचाला? दादा, त्यांनी तुझा..."

"गावाला तू काय बी सांग. गाव तुझं ऐकतंय कुठं."

बरोबरच बोलला. पण ते वाक्य अजून माझ्या घशात आहे, त्या कोंबड्याच्या रश्शासारखं.

आरसा मी साबणानं धुतला, कोमट पाण्यानं धुतला. तेल गेलं, हळद गेली, आणि त्यांच्याबरोबर वरचा चकाकता थरही गेला. तो पुन्हा चढवायला पुण्याला पाठवावा लागला. तो परत येईतो होळी झाली होती, शनी सूर्यापाशी जाऊन दिसेनासा झाला होता, आणि त्याआधीच, संक्रांतीच्या सुमाराला, दादाच्या डोळ्यातलं ते भोक मिटलं. आता त्याला खिडकी कुठं आहे तेवढं कळतं, तेही उन्हात.

नजर गेली तेव्हा वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, जायची ती गेली. पन जायाच्या आदी देवानं त्यांना दाखवलं, ह्ये काय थोडं झालं?" मी "व्हय वहिनी" म्हटलं. ती दर शनिवारी आता पुढच्या दारानं तेल घालते. सरपंच निवडून आला. 'दिसला' म्हणणारा दादा कितीतरी लोकांच्या मोबाइलवर फिरला, खाली ढोलताशा लावून. पावसाळ्यात वीज पडून हायमास्ट जळाला. इलेक्शन होऊन गेलेलं, त्यामुळं तो दुरुस्त करायला कुणाला सवड नाही. चौकात आता डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. पाहिजे होता तेव्हा ज्या अंधारासाठी एवढा सोहळा मांडावा लागला, तो आता फुकट पडून आहे.

यंदा दिवाळी झाल्यावर दादा म्हणाला, "दुर्बीण गच्चीवर ने."

"कशाला?"

"ने तर."

नेली. दिवस मावळून अंधार पडला होता. तो खाटेवर बसून सांगत गेला तशी मी ती लावत गेलो: दक्षिणेकडं बघ, जरा वर, न लुकलुकणारा, पिवळसर. वहिनी चहा घेऊन वर आली आणि जिन्याच्या तोंडाशी बसून मेथी निवडायला लागली, हाताच्या अंदाजानं.

मी डोळा लावला. शनी सापडला. कडं यंदा सुरीच्या पात्यासारखं बारीक दिसत होतं, आडवं.

"तो हाय का?" दादानं विचारलं.

मी बघत राहिलो. आणि दिसला. लांब, एकटा, ठिपका. माझ्या तोंडात उपमा गोळा व्हायला लागल्या: मोती, राजाच्या दारातला राखणदार, आईपासून चुकलेलं कोकरू. सवय ती. मी त्या सगळ्या गिळल्या.

"हाय," मी म्हटलं.

वहिनी म्हणाली, "तुमी तर पाह्यला की मागल्या साली. आता त्याचं काय?"

"म्हनून तर इचारतोय," दादा म्हणाला. त्यानं तोंड माझ्याकडं केलं. "मी पाह्यला तसाच हाय का बघ. नीट बघून सांग. कुठल्या अंगाला हाय?"

मला कळायला जरा वेळ लागला तो काय मागतोय ते. मग कळलं, आणि डोळ्याला लावलेलं भिंग ओलं झालं, ते पुसून मी पुन्हा डोळा लावला.

"उजव्या अंगाला."

"किती लांब?"

"कडं जेवढं रुंद हाय ना, त्याच्या चौपट लांब. थोडं कमीच असंल."

"कड्याच्या रेषेत का वर-खाली?"

"रेषेत."

"रंग?"

"पिवळट. नारिंगीकडं झुकलेला, लई थोडा."

"लुकलुकतोय?"

"न्हाई. गप हाय."

त्यानं उजवा हात उचलला, हवेत एक बोट आडवं ओढलं, मग लांब जाऊन एका जागी टेकवलं. थोडं अलीकडं घेतलं. तिथंच धरून ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "तसाच हुता."